उशाला बांधलेली कात्री

सर, तुम्हाला जाऊन आता बावीस वर्षं झाली, आणि तुम्हाला सांगायची राहून गेलेली गोष्ट त्याच्याही आधीची आहे. सांगलीच्या आपल्या वॉर्डात गळ्याचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक माणसाच्या उशाला, पलंगाच्या लोखंडी दांडीला, बँडेजच्या पट्टीनं एक कात्री बांधलेली असायची. तुमचाच तो नियम. एका संध्याकाळी ती कात्री जागेवर सापडली नाही, एका बाईचा जीव जाता जाता राहिला, आणि तुम्ही आक्का सिस्टरांना वॉर्डातून काढलंत. ती कात्री माझ्या एप्रनच्या खिशात होती. झालं, लिहून टाकलं. एवढ्या एका वाक्याला मला तीस वर्षं लागली. ऑपरेशनच्या टेबलावर तुम्ही मला कधी मंद म्हणाला नाहीत, पण इथं तो शब्द मी स्वतःच लावून घेते.

आता एवढ्या उशिरा हे कुठून उकरून काढलं, असं तुम्ही विचाराल. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी आली, तिच्यामुळं. मी आता कराडला असते, हे तुम्हाला माहीत नसणार. मुलगी सातारच्या बाजूची, जिथं घरटी एकतरी माणूस फौजेत असतो अशा गावातली. वडील निवृत्त हवालदार. ही पोलीस भरतीची तयारी करत होती. आता मुलीही पहाटे मैदानावर पळतात सर, आणि मुलांपेक्षा जास्त चिवटपणानं पळतात. तर ही पळता पळता मैदानावर पडली. अंगात एकशे पाच ताप, नाडी मोजता येईना इतकी जोरात, उलट्या, डोळे पांढरट पिवळे आणि खोबणीतून बाहेर आल्यासारखे, तोंडानं सारखी बडबड. सोबतच्या मुलींना वाटलं ऊन लागलं. आमच्याकडं आणली तेव्हा मी तिच्या गळ्यावर हात ठेवला आणि हाताखाली गाठ मांजर गुरगुरावं तशी थरथरली. तुम्ही ते पहिल्यांदा माझा हात धरून दाखवलं होतं. अशा झटक्याला तुम्ही वादळ म्हणायचात. थायरॉइडची गाठ अंगात इतकं विष ओतते, की काळीज पळून पळून थकतं आणि माणूस जातो.

तिला आठ महिन्यांपासून गोळ्या चालू होत्या. वडिलांना ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की दीड महिन्यापूर्वी तिनं गोळ्या बंद केल्या. अकादमीत कुणीतरी तिला सांगितलं होतं की थायरॉइड निघालं तर मेडिकलला काढून टाकतात. खरं की खोटं देव जाणे, तिनं चौकशी केली नाही. तिनं गोळ्या बुटाच्या खोक्यात टाकल्या आणि पळत राहिली. वजन उतरत होतं, भूक वाढत होती, हात कापत होते, आणि मैत्रिणी म्हणत होत्या काय बारीक झालीस. वडिलांनी गावाकडं जाऊन ते खोकं शोधून आणलं. न फोडलेल्या पट्ट्या माझ्या टेबलावर ओतल्या आणि म्हणाले, "मॅडम, पोरीला काय बोलू? आमच्यात ही सवयच हाय. मी भरती झालो तवा माझा एक कान फुटल्याला हुता. सांगितलं असतं तर हवालदार झालो असतो व्हय?" मी पट्ट्या गोळा करून परत खोक्यात भरल्या. दुखणं असो की चूक, लपवून पुढं निघून जायचं काय असतं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गोळ्या नाकातल्या नळीतून परत सुरू केल्या, बाकीची औषधं दिली, पाचव्या दिवशी ताप उतरला, बडबड थांबली. सातव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यात पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. त्या गोळ्यांचा हा दुर्मिळ दोष तुम्ही मला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तीनदा विचारला होता. मग गोळी तात्काळ बंद, आणि परत कधीच देता येणार नाही. गोळी दिली तर साध्या जंतूनं मरेल, नाही दिली तर वादळ परत उठेल. इकडं आड, तिकडं विहीर. आयोडीनचे थेंब, नाडी आवरायचं औषध आणि स्टेरॉइड यांच्या जोरावर दहाएक दिवसांची फट मिळते. पेशी वाढवायची इंजेक्शनं देत तेवढ्यात गाठ काढून टाकायची. तुम्ही म्हणायचात, वादळ शांत करून मगच गळ्याला हात घाल. शांत न होता घालायची वेळ आलीच तर आधी स्वतःची नाडी बघ. मी खरोखर बघितली. शंभरच्या वर होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिला हाक मारायला लावली. तुमचंच तेही. गळ्याच्या प्रत्येक पेशंटला तुम्ही ऑपरेशनआधी शेतावरून मारतात तशी हाक मारायला लावायचात, आणि नंतर परत तीच हाक मारायला लावायचात, कारण आवाजाची नस गाठीच्या मागनं दोऱ्यासारखी जाते आणि तिला धक्का लागला तर माणूस जन्मभर कुजबुजतो. मी मुलीला विचारलं, कुणाला हाक मारशील? ती म्हणाली, "मॅडम, मी हाक न्हाई मारत, मी कमांड देते. अकादमीत परेडची कमांड माझ्याकडंच हाय." आणि पलंगावर पडल्या पडल्या, कोरड्या ओठांनी तिनं "सावधान" म्हटलं. फार मोठ्यानं नाही. वडील खोलीबाहेर संमतीचे कागद घेऊन बसले होते. त्यांनी मला विचारलं, "आवाज जायाची पण भीती हाय का?" मी हो म्हणाले. जिवाची आहे आणि आवाजाचीही आहे. त्यांनी पेन घेतलं, सही केली, आणि नाव वाचता येईल असं परत एकदा खाली लिहिलं.

आता सांगलीची ती संध्याकाळ. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, आणि तुम्हालाही मी माझ्या बाजूनं ती कधी सांगितलेली नाही. मी तुमच्या युनिटमधली पहिली मुलगी. खटावच्या माळावरनं आलेली. मला घेतलंत तेव्हा बाकीचे सर तुम्हाला हसले होते. बायकांनी बाळंतपणं करावीत, गळा कापायला पुरुषाचा हात लागतो, असं एकानं माझ्यादेखत म्हटलं होतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्या हातात चाकू दिलात. तुमच्या त्या भरवशाचं ओझं मी सतत डोक्यावर घेऊन फिरत असे. आणि आक्का. त्यांना सगळा दवाखाना आक्का म्हणायचा. सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातल्या, गळ्याच्या वॉर्डात पंधरा वर्षं काढलेल्या. दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही हा त्यांचा नेम. म्हणून संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला त्या दहा मिनिटं बाजूच्या खोलीत डबा खायला जात, आणि तेवढा वेळ आमच्यापैकी कुणीतरी त्यांच्या खुर्चीवर बसे.

त्या दिवशी जतकडच्या एका बाईचं ऑपरेशन झालेलं होतं. नारळाएवढी गाठ, तिचंही वादळ होऊन गेलेलं. तिनं सकाळी लेकीला मारलेली हाक ऐकून शेजारच्या वॉर्डातली माणसं बघायला आली होती. आक्का जेवायला गेल्या आणि मी खुर्चीवर बसले. दुपारी आईनं एसटीच्या ड्रायव्हरकडं दिलेला डबा आला होता. तुमच्या डोळ्यांसमोर तो डबा येईल का? पत्र्याचा, वर जुन्या धोतराचं फडकं शिवलेलं, कडेनं दाभणानं घातलेले टाके, म्हणजे वाटेत कुणी उघडू नये. आत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असणार हे मला वासावरून कळत होतं. मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. ती शिवण नखानं उसवेना, दातानं उसवेना. समोर त्या बाईच्या उशाला कात्री लटकत होती. मी दांडीवरची गाठ सोडली, पट्टीसकट कात्री घेतली, डब्याचे टाके कापले. दोन घास खाल्ले. आक्का पदराला हात पुसत परत आल्या, आणि तेवढ्यात खालून अपघाताच्या पेशंटसाठी निरोप आला. मी डबा खुर्चीखाली सारला, कात्री खिशात टाकली आणि गेले. परत येऊन बांधते म्हणून गेले.

अर्ध्या तासानं मी परत आले ती पळत आले. त्या बाईचा गळा टम्म फुगला होता, ती उठून बसून हवा ओढत होती आणि ओठ निळे पडले होते. आत रक्त साचलं की श्वासनळी चिमटते, थिएटरपर्यंत न्यायला वेळ नसतो, तिथंच टाके कापून रक्ताला वाट करून द्यायची. त्यासाठीच तर ती कात्री. आक्कांनी उशाला हात घातला होता आणि हाताला काही लागलं नव्हतं. त्या वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ड्रेसिंगच्या गाडीकडं धावल्या, तिथली कात्री आणली, वरचे टाके कापले, आतले कापले, बोटं घालून रक्ताच्या गाठी बाहेर काढल्या. मी पोचले तेव्हा बाईचा श्वास परत सुरू झाला होता. ती वाचली, पण गळ्याला भोक पाडून तीन आठवडे नळी ठेवावी लागली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी. खिशातली कात्री मांडीला टोचत होती. तुम्ही आलात, उशाची मोकळी दांडी बघितलीत, आणि आक्कांना म्हणालात, "जेवायला गेलात तेव्हा कात्री कुणाच्या ताब्यात होती? आल्यावर हात लावून बघितलीत?" सगळा वॉर्ड ऐकत होता. आक्का म्हणाल्या, "चुकलं सर." एवढंच. तुम्ही म्हणालात, ज्याला एका कात्रीवर लक्ष ठेवता येत नाही त्यानं माझ्या वॉर्डात राहू नये. सोमवारपासून त्या कपड्यांच्या खोलीत गेल्या, चादरी मोजायला. त्यांच्या हाताइतका हलका हात मी नंतर कुठं पाहिला नाही.

मी बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू करत परीक्षा आली. बोलले असते तर तुमच्यावर हसणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं असतं, अशी मी माझी समजूत घातली. पण खरं म्हणजे मला युनिट सोडायचं नव्हतं. मी पास झाले त्या दिवशी तुम्ही मला ब्राऊन कागदात गुंडाळलेली एक नवी कात्री दिलीत आणि म्हणालात, "ही हरवू नकोस." मी पाया पडले. मला वाटलं आशीर्वाद आहे. ती कात्री मी कराडला आल्यावर माझ्या पहिल्या गळ्याच्या पेशंटला बांधली. जुनी कात्री, ती खिशातली, मी परत कधी ठेवलीच नाही. ती माझ्याबरोबर तीन घरं आणि दोन कपाटं फिरली.

त्या मुलीचं ऑपरेशन चार तास चाललं. वादळातली गाठ ओल्या फडक्यासारखी असते, हात लावावा तिथं रक्त. नस दोन्हीकडं दिसली, पांढरी, अखंड. दुपारी एकला तिला बाहेर आणलं. कात्री मी स्वतः बांधली. आमच्याकडं ड्युटी बदलताना येणारी नर्स उशाला हात लावून "कात्री हाय" असं मोठ्यानं म्हणते, तेव्हाच जाणारी जाते. नव्या मुली पहिल्यांदा हसतात. त्यांना वाटतं बाईंचं हे देवाला हात लावल्यासारखं चाललंय. त्या दिवशी चारच्या ड्युटीला वडूजकडची एक मुलगी होती, नोकरीला लागून वर्षही झालं नसेल. मी खाली पेशंट तपासत होते. निरोप आला तशी वर पोचले, तेव्हा तिनं उशाच्या कात्रीनं टाके कापलेले होते, तिचे हात मनगटापर्यंत लाल होते आणि माझी हवालदाराची लेक पांढरीफटक होऊन पण नीट श्वास घेत पडली होती. गळा फुगायला लागल्यापासून चार मिनिटं झाली नव्हती. नर्स मला बघून म्हणाली, "मॅडम, तुमची वाट न्हाई बघितली. चाललं का?" मी म्हणाले, चाललं. आम्ही तिला थिएटरमध्ये परत नेलं, जिच्यातून रक्त येत होतं ती बारीक रक्तवाहिनी बांधली, गळा परत शिवला.

चौथ्या दिवशी सकाळी मी तिला म्हणाले, आता दे कमांड. दोन दिवस ती खुणांनी बोलत होती. मला भीती वाटत होती, आणि ती तिलाही दिसत होती. तिनं पाणी घेतलं, एक हात गळ्यावरच्या पट्टीवर ठेवला, आणि म्हणाली, "सावधान." आवाज जरा घोगरा, पण पुरा. वडील खिडकीशी पाठमोरे उभे राहून फोनवर कुणालातरी बिल समजावत होते. त्यांच्या टाचा खाडकन जुळल्या, फोन खाली गेला, पाठ ताठ झाली. ते तसेच उभे राहिले. मग मुलगीच हसत म्हणाली, "विश्राम, बाबा." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिला आता जन्मभर रोज एक गोळी घ्यावी लागेल, दुसरी, कमी पडलेलं भरून काढणारी. भरतीचं काय होईल ते मला सांगता येणार नाही. मी तिच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं, की विचारलं तर खरं सांगायचं. हे तिला सांगताना माझी जीभ जरा अडखळली.

त्याच दिवशी मी त्या वडूजच्या नर्सला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ती लाजली आणि म्हणाली, "आमाला तुमीच शिकवलं की मॅडम. तुमाला कुणी शिकवलं?" मी म्हणाले, माझ्या सरांनी. आणि खाली येता येता मला कळलं की मी परत तेच केलं. तुम्ही नियम घातलात सर, पण आधी वरचे टाके, मग आतला स्नायूचा थर, मग न घाबरता बोट, हे एका दुपारी उशीवर कापड शिवून मला आक्कांनी शिकवलं होतं. मी दुसऱ्यांदा त्यांना वॉर्डाबाहेर काढलं होतं. पुढच्या रविवारी मी कपाटातली ती कात्री पिशवीत टाकली आणि सांगलीच्या पलीकडं, नदीकाठच्या त्यांच्या गावाला गेले.

आक्का पुतण्याच्या घरी असतात. वय झालंय, ऐकायला जरा मोठ्यानं बोलावं लागतं, पण मला दारातच ओळखलं. दिवस कलायला लागला होता. म्हणाल्या, "बाई, कशाला आलाय ते मागनं बोलू. आधी जेवून घ्या, दिवस मावळाय लागलाय." मी त्यांच्याशेजारी ज्वारीची भाकरी आणि आमटी जेवले. मग मी पिशवीतून कात्री काढून त्यांच्यासमोर ठेवली. पाठ केलेलं सगळं विसरले.

त्यांनी ती उचलली, बोटात घातली, उघडझाप करून बघितली. "हीच व्हय ती? धार गेलीया हिची."

मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक काय, डोळ्यांनी बघितलं की. पट्टीचं टोक लोंबत हुतं तुमच्या खिशातनं. असं वीतभर. तुमी बसला हुता म्हणून आल्यावर मी उशाला हात लावला न्हाई. ती माझी चूक हुतीच."

"मग बोलला का नाहीत?"

"सर काय बोलत्यात म्हणून थांबले. त्यांनी बी बघितलं हुतं टोक. आदी तुमच्या खिशाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मलाच बोलाय लागले. मग मी काय बोलू?"

सर, बाहेर पुतण्याची म्हैस पाणी पीत होती ते ऐकत बसले. मग आक्कांनीच सांगितलं, की तुम्ही एकदा कपड्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिला होता. "म्हणले, आक्का, ती पोरगी चांगली सर्जन हुईल. मी म्हणलं, व्हईल की सर. आणि चादरी मोजाय लागले. परत कवा आले न्हाईत." मी विचारलं राग आला का. त्या म्हणाल्या, "आला की. लय आला. निवृत्त हुईपतूर चादरी मोजल्या मी. हाताला काम हुतं ते गेलं. तुमच्यावर कमी आला, सरांवर जास्त. आता कुणावरच न्हाई म्हणलं तर खोटं हुईल."

लेकी बोले सुने लागे, अशी आपल्याकडं म्हण आहे. तुम्ही तेच केलंत, नाही का? बोललात आक्कांना, ऐकवलंत मला. पण म्हणीतल्या लेकीला काही सोसावं लागत नाही, आणि इथं लेकीचंच काम गेलं. तुम्ही मला वाचवलंत, हे मी नाकारत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या माणसांचा हिशेब कुणी तुमच्या बाजूनं मांडलाच तर मांडू दे. पण आक्कांच्या हाताखालून जायची होती ती माणसं कुणी धरायची? तुम्ही मला खोलीत बोलावून विचारायला हवं होतं. मी रडले असते, कदाचित खटावला परत गेले असते, कदाचित नसतेही गेले. इतकी वर्षं मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली म्हणून खाली मान घालून होते, आणि तुम्ही ती तेव्हाच बघितलेली. मला तुमचा राग येतो, सर. तुमच्यावर माझा जीव आहे तो आहेच, पण राग येतो, आणि तो सांगायला तुम्ही जागेवर नाही.

मी निघाले तेव्हा आक्कांनी मला घरच्या ओल्या शेंगा दिल्या. पिशवीच्या तोंडाला सुतळी गुंडाळली, गाठ मारली, आणि हात पुढं करून म्हणाल्या, "द्या ती कात्री." सुतळीवर ती दोनदा घसरली. तिसऱ्यांदा दाबून त्यांनी टोक कापलं, पदरानं पाती पुसली आणि कात्री माझ्या हातावर ठेवली. "धार लावून घ्या," त्या म्हणाल्या, "आन जाग्यावर ठेवा." मी कराडला आल्यावर तिला धार लावून घेतली, उकळून निर्जंतुक केली आणि वॉर्डात दिली. काल एका शिक्षकाच्या गळ्याची गाठ काढली, त्याच्या उशाला ती बांधलेली आहे. नर्सला ती इतर कात्र्यांसारखीच एक वाटते, आणि तसंच असावं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकायला जागाही नाही. शेवटी एक राहिलं ते लिहिते आणि थांबते. मी आक्कांकडं गेले, कात्री ठेवली, विचारायचं ते सगळं विचारलं, जेवले, शेंगा घेऊन आले. पण त्या दिवशी भर वॉर्डात त्यांनी माझ्या वाटणीचा जो एक शब्द उच्चारला होता, तो मला त्यांच्यासमोर उच्चारता आला नाही. तोंडापर्यंत आला आणि मी म्हणाले, बराय आक्का, येते. चुकलं, सर. तुम्हाला म्हणणं सोपं आहे, म्हणून तुम्हाला म्हणतेय.